फाटक नसलेला नाका

आधी पितळी गडवा पडला, खण्णकन. मग घरंगळत घरंगळत तो चुलीच्या ओट्याला जाऊन टेकला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं.

भागरथा जागीच होती. कुशीतल्या तान्ह्याला पाजता पाजता तिनं मान वळवून पाहिलं. बाहेर झुंजुमुंजू झालं होतं. कुडाच्या फटींतून येणाऱ्या उजेडात तिचा नवरा लटारू बाजेवर उठून बसलेला दिसला. डोळे अर्धे मिटलेले, आणि हातात खुंटीवरून सोडलेली दोरी. ओढ्यापलीकडून बैलांच्या घुंगरमाळा वाजत येत होत्या.

काय झालं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसावं तर नवऱ्याला लागेल, न हसावं तर पोट दुखेल. तान्ह्याला मात्र तिच्या पोटातलं हसू कळलं. दूध सोडून तो टुकूटुकू तिच्या तोंडाकडे पाहू लागला.

त्या दोरीची गोष्ट अशी होती. लटारू मालगुजाराच्या रानाचा नाकेदार. गडचिरोलीकडच्या जंगलातून बांबू भरून गाड्या मूलच्या स्टेशनाकडे जात, त्या वाटेवर मालगुजारानं नाका बसवला होता. दोन खांब, त्यांवर सागाचा लांब दांडा, दांड्याच्या बुडाला बांधलेला धोंडा. शेंड्याची दोरी ओढून बांधली की दांडा आडवा, सोडली की धोंड्याच्या भारानं तो आपोआप वर. लटारूनं ती दोरी कुडाला भोक पाडून थेट बाजेजवळच्या खुंटीपर्यंत आणली होती. भरल्या गाड्यांची चिठ्ठी पाहायला उठावंच लागे. पण रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांसाठी पहाटेच्या गारव्यात कोण उठतं? तो पांघरुणातूनच दोरी सोडायचा.

काल मात्र दांडाच गेला. उरली नुसती दोरी. चांगली अंबाडीची, मजबूत. ती कोण फेकून देतं? भागरथानं ती आढ्यावरून घेतली, एका टोकाला शिंकं बांधलं, शिंक्यात गडवा आणि लाल मिरच्यांची टोपली ठेवली आणि दुसरं टोक त्याच खुंटीला अडकवलं. आणि आता नाकेदारानं झोपेत फाटक उघडलं होतं.

"मिरच्या सांडल्या का वो?" लटारूनं हळूच विचारलं.

"सांडल्या. जाऊ द्या त्यायले, चिठ्ठी असन त्यायच्यापाशी," ती म्हणाली, आणि मग दोघांनाही राहवलं नाही. हसता हसता लटारू एकदम थांबला. आपली नोकरी गेली हे त्याला दुसऱ्यांदा कळलं. काल दिवाणजींनी सांगितलं तेव्हा ते कानांनी ऐकलं होतं. आज हाताला कळलं.

काल दुपारी मालगुजाराचे दिवाणजी छत्री लावून आले होते. सरकारनं मालगुजारी उठवली, रान सरकारचं झालं, आता सरकारी नाका मोठ्या सडकेवर बसणार आणि त्यावर सरकारी माणसं बसणार, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. सोबतच्या गड्यांनी दांडा उतरवला. साग चांगला होता, मालकांच्या गोठ्याच्या कामी येणार होता. खांब खोल पुरलेले, ते उपसायचा त्यांनी कंटाळा केला. लटारूच्या खाकी कोटावरचा पितळी बिल्ला दिवाणजींनी मागून घेतला. कोट राहिला. जिथे बिल्ला होता तिथे कापडाचा जुना गडद रंग तेवढा गोल उरला. झोपडी तू बांधलीस, ती तुझीच, असं ते म्हणाले आणि जाता जाता सल्लाही देऊन गेले, की वरोऱ्याला तुझा मोठा भाऊ आहे ना, त्याच्याकडे जा, कापसाच्या जिनात कुठंतरी चिकटवून देईल.

लटारूनं मान हलवून म्हटलं होतं, "जातो." त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

तो एक शब्द भागरथाला रात्रभर धानाच्या कुसळासारखा टोचत राहिला. वरोऱ्याला जायचं म्हणजे जावेच्या चुलीपुढे बसायचं, तिच्या हंड्यातलं पाणी विचारून घ्यायचं. तेही तिनं केलं असतं. पण भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, लटारू उभा राहिला की त्याचे खांदे कसे पडतात ते तिनं पाहिलं होतं. इथे रानाच्या तोंडाशी तिची दोन्ही लेकरं झाली. इथे तिचा नवरा ताठ चालत होता. तिला जायचं नव्हतं. पण राहून खायचं काय, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

घुंगरमाळा जवळ आल्या आणि एकाएकी थांबल्या.

लटारूनं पांघरूण डोक्यावर ओढलं. आता आपला काय संबंध, वाट मोकळी आहे, जातील आपल्या वाटेनं, असं तो आतून पुटपुटला. भागरथा कान देऊन बसली. चाकांचा आवाज काही येईना. कोंबडा आरवून गेला, ऊन कुडातून आत आलं, तरी गाड्या जाईनात. पाच वर्षांची तुळशी उठून बाहेर डोकावून आली आणि तिनं खबर दिली, की गाड्या उभ्या आहेत, बैल उभे आहेत आणि सारे काका झोपून आहेत.

भागरथानं दाराआडून पाहिलं. खरंच होतं. बांबूनं भरलेल्या गाड्यांची रांग ओढ्यापर्यंत गेलेली, आणि प्रत्येक गाडीवर गाडीवान तोंड उघडं टाकून घोरत पडलेला. पहाटेच्या प्रवासात बैल आपले आपण वाट चालतात आणि माणसं झोप काढतात, ही इथली जुनी रीत. सगळ्यात पुढे सुकलूची गाडी. त्याचा कोसऱ्या नावाचा बैल, कोशाच्या रंगाचा, दोन खांबांच्या अलीकडे चारी पाय रोवून उभा होता. खांबांमध्ये काही नव्हतं. पलीकडे वाट मोकळी पडलेली, पळसाच्या फुलांनी दोन्हीकडून लाल. पण कोसऱ्या जिथे दांडा असायचा तिथेच पाहत होता. एकदा अंधारात न थांबता त्यानं दांड्यावर कपाळ आपटून घेतलं होतं, तेव्हापासून या जागेशी त्याचा हिशेब पक्का होता. त्याची जोडी थांबली म्हणून मागची जोडी थांबली, तिच्यामागून तिसरी.

सुकलू तोंडावर ऊन आलं तेव्हा उठला. चांगला पिकल्या मिशांचा माणूस, पण जीभ पोरासारखी.

"लटारूभाऊ, मूलची मालगाडी माहा सासरा नोहय, थांबाले. फाटक सोड गा," त्यानं डोळे चोळत हाक घातली.

लटारू आतूनच म्हणाला, की फाटक नाही. सुकलूनं नीट पाहिलं. मग खाली उतरला, दोन खांबांच्या मधून इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, हवेत हात फिरवून पाहिला. तोवर मागचे गाडीवान जागे होऊन जमले. फाटक कधी गेलं, कोणी नेलं, सारं लटारूला बाहेर येऊन सांगावं लागलं. सुकलू तसाच कपाळावर हात मारून खाली बसला. पहाटेपासून आपण नसलेल्या फाटकापुढे रांग लावून झोपलो, हे गावात कळलं तर काय होईल, याचंच त्याला हसू येत होतं.

पण बैल हलेनात. सुकलूनं चुचकारलं, कासरा ओढला, पराणी लावली. कोसऱ्यानं शेपटी उडवली, बस. मग एका गाडीवानाच्या डोक्यात आलं, की दांडा वर जाताना कसा कर्र करून कुईं करायचा, बैल त्याची वाट पाहताहेत. सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं. लटारू म्हणाला, मी नाकेदार होतो, बहुरूपी नाही. पण मूलची गाडी चुकणार म्हणून सुकलूनं हात जोडले, तेव्हा त्यानं इकडे तिकडे पाहून घशातून एक कर्र काढला. बैलांनी कान हलवले, पाय नाही. त्यानं पुन्हा काढला. आता तर कोसऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की लटारूची मान खाली गेली.

भागरथा दाराआड उभी होती. तो आवाज तिनं सहा उन्हाळे या झोपडीत आतून ऐकला होता. बाळंतपणाच्या खाटेवर ऐकला होता, तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन ऐकला होता. आधी धोंडा हलायचा, मग खांबाच्या खोबणीत लाकूड रडायचं, आणि शेवटी शेंडा वर गेला की एक बारीक शीळ. लटारू मधलं तेवढंच करत होता. तिनं तान्ह्याला काखेत सरकवलं, कुडाकडे तोंड केलं आणि अख्खा आवाज काढला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कोसऱ्या चालू लागला. त्याच्यामागे सगळी रांग.

गाडीवान धावत धावत आपापल्या गाड्या पकडू लागले, तरी हसणं थांबेना. फाटक गेलं पण नाकेदारीणबाईनं त्याचा जीव काढून ठेवला, असं कोणी म्हणालं. लटारू अंगणात तोंड वासून उभा. तो आत आला तेव्हा भागरथा जमिनीवर बसून हसत होती, तान्हा हसत होता, आणि तुळशी ओरडून ओरडून कर्र कुईं करत होती.

दुसऱ्या दिवशी गाड्या परतल्या. बैल थांबलेच. तिसऱ्या खेपेलाही थांबले. ऊन वाढत चाललेलं, चैत्र लागलेला. थांबल्यासारखं थांबले आहेत तर घोटभर घ्यावं, म्हणून भागरथानं घरची आंबील, ताकात कालवलेली, लसणीचा ठेचा घालून, तुळशीच्या हातानं बाहेर धाडली. गाडीवान झाडाखाली बसून प्यायले. दाम काय, असं कोणी विचारलं, तेव्हा लटारूचं तोंड उतरलं. कालचा नाकेदार आज आंबील विकतो, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना. भागरथानं आतूनच सांगितलं, की चैताचं पुण्य आहे, पुण्य विकत नाहीत. गाडीवानांनी वाडगे धुऊन ठेवले. पण पुढच्या खेपेला कोणी रांजणाजवळ सुपलीभर तांदूळ ठेवून गेलं, कोणी धानाच्या तणसाचा भारा, कोणी चार कळक. एक तर कोंबडीच बांधून गेला आणि तिचं नाव चिठ्ठी आहे म्हणून सांगून गेला.

अशाच एका सकाळी आंबील पिता पिता सुकलूनं सहज सांगून टाकलं, की लटारूभाऊ, तुला सांगू का, या दांड्यापाशी आलो की आम्ही रोज तुला शिव्या द्यायचो. रोज नव्या. ज्याला नवी शिवी सुचली नाही त्यानं सगळ्यांना बिडी पाजायची, असा नेमच होता आमचा.

लटारूचा वाडगा ओठाशीच राहिला. इतकी वर्षं ही माणसं रामराम घालत होती, तो त्याला मान वाटत होता. तो उठला आणि ओढ्याकडे निघून गेला, दुपारपर्यंत आलाच नाही. भागरथाला वाटलं, झालं. आता हा माणूस इथे राहायचा नाही. आजच गाठोडं बांधेल.

दुपारी तो आला तो करंजीचं तेल मागत आला. सुकलूच्या गाडीचं डावं चाक कुरकुरतं, आस कोरडा पडला आहे, हे त्याला केव्हाचं कानानं कळत होतं. पण नाकेदारानं गाडीवानाच्या चाकाला हात लावायचा नसतो, म्हणून कधी बोलला नव्हता. संध्याकाळी त्यानं अंबाडीचा बोळा तेलात भिजवून ठेवला. पुढच्या खेपेला सुकलूची गाडी थांबली, तसा तो न विचारताच खाली शिरला. वंगण घालून बाहेर आला तेव्हा कपाळाला काळं लागलेलं.

"आता शिवी दे," तो सुकलूला म्हणाला.

सुकलूला सुचेना. नेमाप्रमाणे त्यानं सगळ्यांना बिडी पाजली.

तिकडे भागरथाकडे सोमारी येऊ लागली होती. ओढ्यापलीकडच्या टोलीतली, लहानशा वस्तीतली, गोंडीण, अर्ध्या हाकेवर राहणारी; पण कधी अंगणात पाऊल टाकलं नव्हतं तिनं. एका पहाटे ती मोहफुलांची टोपली घेऊन आली, अंगणात बसली, तान्ह्याला मांडीवर घेतलं आणि आपल्या बोलीत त्याच्याशी बोलत राहिली. भागरथानं विचारलं, इतकी वर्षं का आली नाहीस? सोमारीनं खांबांकडे बोट दाखवलं. मोह वेचून येताना तुझा नवरा गठडी सोडून दाखव म्हणायचा, म्हणाली. माझीही, माझ्या सासूचीही. तिच्या बोलण्यात राग नव्हता, वाट कुठून कुठे जाते ते सांगावं तसं तिनं सांगितलं. लटारू पाठमोरा बसून चाकाची पाचर तासत होता. त्याचा हात थांबला होता, हे भागरथानं पाहिलं.

असे ते पहिले दिवस गेले. भागरथाला वाटू लागलं होतं, की निघतंय आपलं. सकाळी आंबील, मग सोमारीबरोबर मोह वेचणं, दुपारी चाकं. पोट भरत होतं आणि घरात हसू होतं. आणि तेवढ्यात मूलहून परतणाऱ्या गाड्यांबरोबर निरोप आला. लटारूचे भाऊ गुणवंतराव येताहेत, सगळ्यांना वरोऱ्याला न्यायला. लटारूनं खाकी कोट काढला, ओढ्यावर नेऊन धुतला आणि वाळत घातला. भागरथानं तो पाहिला आणि तिच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

गुणवंतराव आले ते सुकलूच्याच रिकाम्या गाडीत तणसावर झोपून. धोतर, काळा कोट, डोक्याखाली टोपी. गाडी थांबली तसे ते उठून बसले आणि अधिकारानं म्हणाले, की कोण आहे रे, फाटक उघडा. गाडीवान दुसरीकडे पाहू लागले. गुणवंतरावांनी समोर पाहिलं. फाटक नव्हतं. मग हाक ना, असं त्यांनी सुकलूला सांगितलं. सुकलू म्हणाला, बैल जात नाहीत जी.

आता मोठीच पंचाईत झाली. आवाज फक्त भागरथा काढू शकत होती. आणि समोर बसला होता भासरा. भासऱ्यापुढे बाईनं डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच झालं तर लेकराच्या तोंडून. अशा माणसाच्या कानावर खांबाचं रडणं कसं घालायचं? लटारूनं आपल्या परीनं दोनदा कर्र केलं. कोसऱ्यानं जांभई दिली. मागच्या गाड्यांवरून हाका येऊ लागल्या. ऊन चढत होतं. सगळे झोपडीच्या कुडाकडे पाहत होते आणि कुड गप्प होता.

शेवटी तुळशी पुढे झाली.

"मोठे बाबा, माह्या मायले येते आवाज. पण तुमी बसून आहा ना, म्हणून ते काढत नाई," ती म्हणाली.

गुणवंतरावांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी भावाकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवला. मग पोरीला गंभीरपणे म्हणाले, "तुह्या मायले सांग, मी पाठ फिरवून बसलो. मले काई ऐकू येत नाई." आणि खरंच गाडीत पाठमोरे बसून त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

भागरथानं डोळे मिटले आणि आवाज काढला. गाडी हलली, रांग हलली, आणि गुणवंतरावांची पाठ गदागदा हलत होती. उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आई वारल्यापासून भावाला असं हसताना लटारूनं पाहिलं नव्हतं.

तरी ते ज्यासाठी आले होते ते विसरले नव्हते. जेवण झाल्यावर बाजेवर बसून त्यांनी विषय काढला. जिनाच्या फाटकावर चौकीदाराची जागा मोकळी आहे, मालकाशी बोलणं झालं आहे, राहायला खोली, खाकी कपडे, बिल्ला. बिल्ला म्हणताच लटारूनं वाळलेल्या कोटाकडे पाहिलं. त्या गोल डागाकडे. भागरथा आतून त्याच्या खांद्यांकडे पाहत होती. ते अजून पडले नव्हते, पण पडायच्या बेतात होते.

तिनं तुळशीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं. तुळशी बाहेर गेली.

"मोठे बाबा, माय इचारते, तिथी फाटकावर काम काय कराचं?"

गुणवंतरावांनी कुडाकडे तोंड करून समजावून सांगितलं. सकाळी माणसं आत घ्यायची, संध्याकाळी बाहेर सोडायची. कापूस बाहेर जाऊ नये म्हणून सुटीच्या वेळी ज्याची त्याची झडती घ्यायची. पोरगी आत आली, पुन्हा बाहेर गेली.

"माय इचारते, बायायची वटी कोण पाह्यते?"

"चौकीदारच पाह्यते," गुणवंतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता आवाज थोडा उतरला. "म्हणजे, गठडी सोडून दाखवाले लावते."

तुळशी आत यायला निघाली. पण आतून काही सांगायचं राहिलंच नव्हतं. लटारू खाली मान घालून बसला होता. त्याच्या नखांत वंगण होतं. ते तो एका काडीनं काढत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "लोकायच्या गठड्या मी लय सोडल्या. आता कोणाची सोडायची नाई."

गुणवंतराव चिडले. खाशील काय, लेकरांना घालशील काय, पावसाळ्यात गाड्या बंद झाल्या की काय करशील, असं बरंच बोलले. लटारूनं बरंच ऐकूनही घेतलं. मग सांगितलं, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाईन, सोमारीच्या टोलीवाले अर्धेलीनं, अर्ध्या वाट्यावर, शेताची बांधी देतो म्हणाले आहेत, तोवर चाकं आहेत. नाही जमलं तर? नाही जमलं तर तुझ्या दारी येईन, तू काही हाकलून देणार नाहीस, असं तो म्हणाला. हे सगळं भावाच्या तोंडाकडे पाहून म्हणाला. खांदे जागच्या जागी होते.

गुणवंतरावांनी टोपी हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग तुळशीला बोलावलं. मायला सांग, म्हणाले, आंबील अजून असली तर वाडगाभर दे. आणि सांग, मी रागावलो आहे.

भागरथानं वाडगा काठोकाठ भरला. पोरीनं तो सांडत सांडत नेला. बाहेर दोघे भाऊ लहानपणीच्या कुठल्याशा आठवणीवर बोलू लागले होते. वाडगा रिकामा झाला, पुन्हा भरून गेला, आणि दुसऱ्यांदा देताना भागरथानं कुडाआड उभ्या उभ्याच भासऱ्याला हात जोडले. त्यांना ते दिसलं नाही, त्याचं तिला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मूलकडे जाणाऱ्या गाडीत ते बसले. नाक्यापाशी आले तसे आपले आपणच पाठ फिरवून, कानांत बोटं घालून तयार झाले.

गाड्या गेल्यावर लटारूनं पहार घेतली. खांब कशाला उभे ठेवायचे, पोखरून बैलांना पाण्याची डोणी होईल, म्हणाला. दिवसभर तो खणत राहिला. बैल मग थांबतील की नाही, अशी शंका भागरथाला आली होती. पण कोसऱ्या आंबिलीच्या वासालाही थांबतो असं सुकलूच म्हणाला होता, तेव्हा ती निर्धास्त झाली. उन्हं उतरता उतरता दुसरा खांब हलला आणि धप्पकन आडवा पडला. लटारू हाशहुश करत त्याच्यावरच बसला. तिनं त्याला पाणी दिलं, कपाळावरचा घाम पदरानं टिपला. तान्हा तिच्या खांद्यावर पेंगत होता. ओढ्याकडून मोहाचा गोड, आंबूस वास येत होता.

तुळशी उपसलेल्या खड्ड्याच्या काठाशी उभी होती. एकदा झोपडीकडे पाहत होती, एकदा झाडांकडे. वाट मधे कुठे न अडता आत जाऊन हिरवी झाली होती.

"मा," तिनं विचारलं, "फाटकाच्या इकडे घर अन् तिकडे जंगल, असं तूच सांगतलं होतं ना. मंग आता जंगल कुठून सुरू होते?"

भागरथानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली, "आपल्या आंगनातूनच."